सक्ती, सूट आणि सुट्टी

एसईलिनक्स ही लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवलेली सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणाची व्यवस्था आहे. तिचे तीन मोड असतात : एन्फोर्सिंग, परमिसिव्ह आणि डिसेबल्ड. पहिल्यात ती नियम पाळायला लावते. दुसऱ्यात नियम मोडल्याची नोंद करते आणि मोडूही देते. तिसऱ्यात ती नसतेच. पाठ्यपुस्तकांत मोड याच क्रमाने दिलेले असतात आणि सर्व्हरच्या आयुष्यातही ते बहुधा याच क्रमाने येतात. उलट दिशेने प्रवास केलेला सर्व्हर आढळल्यास त्या कंपनीत नुकतेच ऑडिट झाले आहे असे समजावे.

सक्तीचे नियंत्रण समजण्यासाठी आधी बिनसक्तीचे पाहावे लागते. युनिक्सच्या घराण्यात फाइल ज्याच्या मालकीची, त्यानेच ती कोणी वाचायची, कोणी लिहायची आणि कोणी चालवायची हे ठरवायचे असते. मालक शहाणा आहे, अशी यात मूळ धारणा आहे. प्रत्यक्षात काही चालेनासे झाले की मालक सीएचमॉड ७७७ देतो, म्हणजे या मशिनवरच्या कोणीही या फाइलीचे काहीही करावे असे लिहून देतो. मालकाच्याही वर रूट. त्याला कोणी काही विचारत नाही. आणि रूटच्या हक्काने चालणारा एखादा प्रोग्राम बाहेरच्या चोराने ताब्यात घेतला, तर चोरालाही कोणी काही विचारत नाही. सक्तीच्या पद्धतीत हा अधिकार मालकाकडून काढून घेतलेला असतो. नियम पॉलिसी नावाच्या एका पोथीत असतात. पोथीत ज्याला परवानगी लिहिलेली नाही ते सगळे निषिद्ध, आणि त्यातून रूटचीही सुटका नाही.

कल्पना मुळात लष्करी. डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापादुला यांनी १९७३ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या कामात तिचे गणित मांडले. खालच्या दर्जाच्याने वरच्या दर्जाचे कागद वाचू नयेत, हा पहिला नियम कोणालाही पटतो. वरच्या दर्जाच्याने खालच्या दर्जाच्या कागदावर काही लिहू नये, हा दुसरा. तो ऐकून साहेबाने शिपायाला चिठ्ठी द्यायची कशी, असा प्रश्न कोणत्याही कचेरीत पडेल. पण गुपिते वरून खालीच झिरपतात, हे लष्कराला अनुभवाने माहीत होते.

एसईलिनक्स लिहिले अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने, म्हणजे दुसऱ्यांची कुलपे उघडण्याबद्दल ख्याती असलेल्या संस्थेने. युटा विद्यापीठाच्या सहकार्याने झालेल्या फ्लास्क या प्रयोगातून ते उभे राहिले आणि डिसेंबर २००० मध्ये संस्थेने ते सोर्स कोडसकट जगाला फुकट दिले. हेरांनी फुकट दिलेल्या कुलपाबद्दल शंका घेणारे तेव्हाही होते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी कागदपत्रे फोडल्यावर ते वाढले. परंतु ज्यांनी आपापल्या सर्व्हरवर एसईलिनक्स बंद केले, त्यांत अमेरिकेवरच्या संशयातून बंद करणारे शोधावे लागतील. बाकीच्यांनी वेबसाइट उघडत नव्हती म्हणून बंद केले.

कर्नलमधला प्रवेशही सुखासुखी झाला नाही. २००१ साली कर्नल लिहिणाऱ्यांच्या बैठकीत हे काम मांडले गेले, तेव्हा लिनस तोरवाल्ड्स यांनी सुरक्षेची कोणतीही एकच पद्धत कर्नलच्या गळ्यात बांधण्यास नकार दिला. ज्याला जी पद्धत हवी ती अडकवता येईल अशी खुंटी आधी करा, असे ठरले. ती खुंटी म्हणजे एलएसएम. २००३ मध्ये कर्नल २.६ बरोबर एसईलिनक्स अधिकृतपणे आत आले. पुढच्या वर्षी फेडोरा कोअर २ या लिनक्स वितरणात ते सगळ्या प्रोग्रामांना सरसकट लावून पाहिले गेले. त्यामुळे इतके काही अडू लागले की अंतिम आवृत्ती लोकांच्या हाती पडली तेव्हा ते मुळातच बंद करून ठेवलेले होते. फेडोरा कोअर ३ मध्ये समजूतदार तोडगा निघाला. वेब सर्व्हर, नेम सर्व्हर असे बाहेरच्या जगाशी बोलणारे निवडक प्रोग्राम तेवढे बांधून ठेवायचे आणि लॉग-इन केलेल्या सामान्य माणसाला मोकळे सोडायचे. या पॉलिसीचे नाव टार्गेटेड. आजही बहुतेक ठिकाणी हीच चालू असते, आणि ‘एसईलिनक्समुळे मला काहीच करता येत नाही’ ही तक्रार करणारा माणूस स्वतः सहसा त्या मोकळ्यांतलाच असतो.

पॉलिसीचा सारा व्यवहार लेबलांवर चालतो. प्रत्येक फाइलीला, प्रत्येक चालत्या प्रोग्रामला, प्रत्येक पोर्टला लेबल असते. त्याचे भाग चार, यूजर, रोल, टाइप आणि लेव्हल. पैकी रोजच्या कामात तिसऱ्याकडेच बघायचे. वेब सर्व्हरचे लेबल एचटीटीपीडी_टी, त्याने वाचायच्या पानांचे एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी, आणि माणसांच्या होम फोल्डरातल्या फायलींचे यूजर_होम_टी. पहिल्याने दुसरे वाचावे असे पोथीत आहे. पहिल्याने तिसरे वाचावे असे नाही.

जुन्या घरांतले सोवळ्याचे स्वयंपाकघर ज्यांनी पाहिले किंवा नुसते ऐकले आहे, त्यांना हे परके वाटू नये. तिथे माणूस कोण यापेक्षा तो त्या घटकेला कोणत्या अवस्थेत आहे हे महत्त्वाचे असे. घरचा कर्ता पुरुष पारोसा असेल तर त्यालाही चुलीपाशी मज्जाव; आणि ओवळे भांडे उचलून आत नेऊन ठेवले म्हणून ते सोवळे होत नसे. माणसांना लावलेले ते नियम मोडीत निघाले हे फार चांगले झाले. फायलींची मात्र तशी काही तक्रार नसते.

भांड्याची गोष्ट लिनक्समध्ये शब्दशः लागू पडते. एमव्ही या आदेशाने हलवलेली फाइल आपले जुने लेबल बरोबर घेऊन जाते. सीपीने प्रत काढली, तर प्रतीला नव्या जागेचे लेबल मिळते. एसईलिनक्सने छळले म्हणून जेवढ्या कहाण्या सांगितल्या जातात, त्यातल्या कितीतरी या दोन आदेशांच्या फरकात सामावतात. ॲडमिन आपल्या होम फोल्डरात पान तयार करतो आणि एमव्हीने वेबच्या फोल्डरात नेतो. मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, ब्राउझरवर ४०३, म्हणजे प्रवेश निषिद्ध. तो ७७७ देतो. ४०३. सर्व्हिस रीस्टार्ट करतो. ४०३. मशिन रीबूट करतो, कारण ते करताना काहीतरी केल्यासारखे वाटते. ४०३. मग तो मोड बदलतो, पान उघडते, आणि दोषी सापडल्याचे समाधान त्याला लाभते. वास्तविक रिस्टोअरकॉन नावाचा एक आदेश फाइलीवर पळीभर पाणी शिंपडतो, म्हणजे त्या जागी पोथीप्रमाणे जे लेबल हवे ते लावतो. त्याला सेकंदही लागत नाही. पण तो आदेश माहीत असायला लेबल ही चीज माहीत असावी लागते, आणि सीएचमॉड तर सर्वांना पहिल्या दिवशीच शिकवलेला असतो.

इथे एक क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. कर्नल आधी जुन्या युनिक्स परवानग्या तपासतो आणि तिथे होकार मिळाला तरच एसईलिनक्सला विचारतो. जुन्याच नियमांनी अडवले असेल, तर एसईलिनक्सच्या नोंदवहीत काहीच उमटत नाही. तरीही अशा प्रसंगी मोड बदलून पाहण्याची रीत आहे. मोड बदलूनही पान उघडले नाही, की एसईलिनक्स निर्दोष सुटते. पण त्याला पुन्हा कामावर घ्यायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता मोड बदलण्याची रीत. गेटएन्फोर्स हा आदेश सध्याचा मोड एका शब्दात सांगतो. सेटएन्फोर्स ० दिले की परमिसिव्ह, सेटएन्फोर्स १ दिले की एन्फोर्सिंग. या आदेशाने डिसेबल्ड करता येत नाही, आणि त्याचा परिणाम पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतो. कायमचा मोड ईटीसी फोल्डरात एसईलिनक्सच्या कप्प्यातल्या कॉन्फिग नावाच्या फाइलीत लिहिलेला असतो. सविस्तर हकीकत एसईस्टेटस सांगतो. त्याच्या उत्तरात दोन ओळी जवळजवळ येतात : एकीत सध्याचा मोड, दुसरीत कॉन्फिग फाइलीतला मोड. पहिलीत परमिसिव्ह आणि दुसरीत एन्फोर्सिंग दिसले, तर त्या मशिनवर कधीतरी अपरात्री काय घडले हे सांगायला साक्षीदार लागत नाही.

अपरात्रीच्या या उपायाचा स्वभाव विशेष अभ्यासनीय आहे. रिलीज अडलेले असते, फोनवर साहेब असतात, सेटएन्फोर्स ० दिले जाते, सगळे चालू लागते. उद्या नीट बघू, असे ठरते. उद्या दुसरेच काही पडलेले असते. सर्व्हर महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने चालतो. आदेश देणारा ॲडमिन चांगल्या पगारावर दुसरीकडे जातो. मग एके दिवशी कर्नलचा अपडेट येतो, मशिन रीबूट होते, कॉन्फिग फाइलीत लिहिल्याप्रमाणे एन्फोर्सिंग परत येते आणि वेबसाइट बंद पडते. अपडेटमध्येच घोळ आहे, असा निष्कर्ष निघतो. नवा ॲडमिन सेटएन्फोर्स ० देतो. हुशार असला तर या वेळी तो कॉन्फिग फाइलही बदलतो.

ही फाइल छोटी असली तरी तिच्यात एक सापळा आहे. तिच्यात कामाच्या दोन ओळी असतात. एसईलिनक्स या नावापुढे मोड लिहायचा आणि एसईलिनक्सटाइप या नावापुढे पॉलिसीचे नाव, म्हणजे टार्गेटेड. घाईत डिसेबल्ड हा शब्द चुकून दुसऱ्या ओळीत लिहिला जातो. पुढच्या बूटला मशिन डिसेबल्ड नावाची पॉलिसी इमाने-इतबारे शोधते, ती सापडत नाही, आणि सक्ती तर पहिल्या ओळीप्रमाणे चालूच असते. नियम पाळायचे आहेत पण नियमच सापडत नाहीत, या अवस्थेत पुढे न जाता ते तसा संदेश पडद्यावर देऊन गोठून बसते. सुरक्षा बंद करायला निघालेल्याने मशिन इतके सुरक्षित करून ठेवलेले असते की त्यात आता त्यालाही शिरता येत नाही. उपाय बूटच्या मेनूत असतो. तिथे कर्नलच्या ओळीत एन्फोर्सिंग=० जोडले की मशिन उठते. सर्व्हर दुसऱ्या गावच्या डेटा सेंटरमध्ये असला, तर तो मेनू कोणाला तरी तिथे उभे करून बघायला सांगावा लागतो आणि त्याला हे सगळे फोनवर समजावून द्यावे लागते.

डिसेबल्डमधून परत येणे हा स्वतंत्र विधी आहे. व्यवस्था बंद असताना ज्या फायली तयार होतात, त्यांना लेबलच मिळत नाही. अशा मशिनला एकदम एन्फोर्सिंगमध्ये आणले, तर कोण कोणाला ओळखत नाही असा प्रकार होऊन बूटही अडू शकते. म्हणून आधी परमिसिव्ह लावायचे, मुळाच्या फोल्डरात ऑटोरीलेबल नावाची लपलेली रिकामी फाइल ठेवायची आणि रीबूट करायचे. मग मशिन घरातल्या एकूण एक फाइलीला नव्याने लेबल लावत बसते. फायली जितक्या जास्त तितका वेळ. मोठ्या डिस्कवर बराच. त्या काळात पडद्याकडे पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी मशिन हँग झाले असे म्हणतोच. त्याला बटणापासून दूर ठेवावे.

परमिसिव्ह हा या तिघांतला खरा विनोदी मोड. त्याची योजना तपासणीसाठी झाली. नवा प्रोग्राम बसवताना काही दिवस नियम मोडू द्यायचे, कुठे कुठे मोडतात ते लिहून घ्यायचे, लेबले दुरुस्त करायची आणि सक्तीत जायचे. धर्मशाळा म्हणून बांधलेल्या या मोडमध्ये बिऱ्हाडे कायमची थाटली गेली. नोंदवही मात्र इमानाने भरत राहते. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत कोणी, काय, कशाचे करायला पाहिले हे लेबलांसकट असते आणि डिनाइड, म्हणजे नाकारले, असा स्पष्ट शेरा असतो. त्याच ओळीच्या शेवटी परमिसिव्ह=१ असते, म्हणजे नाकारले असे लिहून परवानगी दिली. सरकारी दप्तरांशी परिचय असलेल्यांना या शेऱ्याचे आश्चर्य वाटणार नाही. एन्फोर्सिंगमध्ये तीच ओळ परमिसिव्ह=० ने संपते. नोंदवही शोधता यावी म्हणून एयूसर्च हा आदेश आहे, आणि नकाराचे कारण बऱ्यापैकी सोप्या भाषेत सांगणारा एसईअलर्टही आहे. त्याचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण तो वाचण्याआधीच मोड बदललेला असतो.

एका प्रोग्रामसाठी सगळ्या मशिनला मोकळे सोडायची गरजही नसते. सेमॅनेज परमिसिव्ह या आदेशाने फक्त वेब सर्व्हरला किंवा फक्त त्या एका अडेल प्रोग्रामला सूट देता येते. बाकीचे बांधलेलेच राहतात. इतकी सोयीची गोष्ट इतक्या थोड्यांना ठाऊक असावी हे खेदाचे आहे. सेमॅनेजच आणखी दोन कामे करतो. वेबची पाने नेहमीच्या जागेऐवजी भलत्याच फोल्डरात ठेवायची असतील तर त्या जागेचे लेबल पोथीत कायमचे नोंदवतो, आणि वेब सर्व्हरला वेगळ्या पोर्टवर बसवायचे असेल तर तो पोर्ट त्याच्या नावावर चढवतो. त्याशिवाय शेकडो बुलियन आहेत. बुलियन म्हणजे पॉलिसीत आधीच काढून ठेवलेल्या खटक्या : वेब सर्व्हरने डेटाबेसशी बोलावे का, मेल पाठवावी का, लोकांच्या होम फोल्डरात डोकावावे का. सेटसेबूल या आदेशाने खटकी बदलते, पण मोठा पी जोडला नाही तर तीही रीबूटला परत जाते. या व्यवस्थेत तात्पुरते आणि कायमचे यांचे वेगळे आदेश असण्याची खोडच आहे. आरएचसीएसए या परीक्षेत नेमके इथेच गुण जातात, कारण केलेले काम रीबूटनंतर टिकले तरच धरले जाते. पुण्यातल्या लिनक्सच्या क्लासांत हा मुद्दा इतका घोटून घेतात की विद्यार्थी मोड बदलण्यात तरबेज होऊन बाहेर पडतात. मग नोकरीवर गेल्यावर त्यांच्या हाती एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका येते, आणि तिच्या पहिल्या पानावर पहिली पायरी लिहिलेली असते : एसईलिनक्स बंद करा.

ऑडिट२अलाऊ हे साधन याहून घातक, कारण ते वापरणाऱ्याला आपण काहीतरी शास्त्रशुद्ध करत आहोत असे वाटते. नोंदवहीतले नकार वाचून ते सगळे मान्य करणारे नवे नियम ते आपण होऊन लिहून देते. ॲडमिनने फक्त ते पॉलिसीत घालायचे. एका पानाचे लेबल चुकले होते म्हणून वेब सर्व्हरला सर्वांच्या होम फोल्डरातल्या सर्व साध्या फायली वाचण्याची कायमची मुभा अशा रीतीने मिळते. गेटएन्फोर्स यानंतरही अभिमानाने एन्फोर्सिंग असेच सांगतो, आणि ऑडिटरला तेवढेच हवे असते.

लोकशिक्षणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१३ मध्ये रेड हॅटचे डॅन वॉल्श यांनी एसईलिनक्सवर चक्क रंगवण्याचे पुस्तक काढले. चित्रे मायरिन डफी यांची. त्यात मांजर आणि कुत्रा हे दोन प्रोग्राम आहेत, दोघांचे खाणे वेगळे आहे आणि कुत्रा मांजराच्या वाडग्याकडे वळला की कर्नल आडवा येतो. कर्नलची सुरक्षा शिकवायला रंगीत खडू काढावे लागले, यावरून पाठ्यपुस्तकांबद्दल काय समजायचे ते समजावे.

सक्तीचा उपयोग काय, हे क्वचित जगजाहीरही होते. २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या साधनात मोठे छिद्र सापडले. कंटेनरच्या आतला प्रोग्राम त्यातून बाहेर येऊन यजमान मशिनचा ताबा घेऊ शकत होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर ज्यांचे एसईलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये होते, त्यांच्याकडे हा हल्ला मूळच्याच नियमांनी अडत होता. परमिसिव्हवाल्यांकडे त्याची व्यवस्थित नोंद झाली असती.

डेबियन आणि उबुंटू या घराण्यांनी ॲपआर्मर पसंत केले. त्यात लेबले नसतात, फाइलीच्या पत्त्यावरून निर्णय होतो, आणि मोडची नावे एन्फोर्स आणि कम्प्लेन अशी आहेत. ते शिकायला सोपे असल्यामुळे ते बंद करण्याच्या पद्धतीही कमी लोकांना पाठ आहेत.

उरला डिसेबल्ड. पूर्वी कॉन्फिग फाइलीत हा शब्द लिहिला की बूट होता-होता कर्नलला एसईलिनक्स सोडून देण्यास सांगितले जाई. त्यासाठी कर्नलला सुरक्षेची दारे बूटनंतरही बदलण्याजोगी ठेवावी लागत, आणि सुरक्षा बंद करण्याच्या सोयीसाठी सुरक्षा कच्ची ठेवणे कर्नलवाल्यांना पसंत नव्हते. २०२३ च्या कर्नल ६.४ मधून ती सोय काढून टाकण्यात आली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये त्याआधीच असे झाले की फाइलीत डिसेबल्ड लिहिले तरी एसईलिनक्स कर्नलमध्ये चालूच राहते, फक्त त्याला पॉलिसी दिली जात नाही. ते पोथीविना बसून राहते. खरोखर घालवायचे असेल तर बूटच्या वेळी कर्नललाच एसईलिनक्स=० असे सांगावे लागते. उलट टोकाला सिक्युअर_मोड_पॉलिसीलोड नावाचा एक बुलियन आहे. तो चालू केला की मोड, पॉलिसी आणि बुलियन यांतले काहीही रूटलाही बदलता येत नाही. तो बुलियन बंद करायचा तरी रीबूटच करावे लागते. तो चालू केलेला सर्व्हर पाहण्यात येणे अवघड आहे.

ज्या ठिकाणी मोड बदलण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही, तिथे मात्र सारे सुरळीत आहे. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत एसईलिनक्स परमिसिव्हमध्ये आणले, ४.४ मध्ये निवडक भागांवर सक्ती केली आणि २०१४ मध्ये ५.० पासून सगळ्याच भागांवर. बाजारात विकल्या जाणाऱ्या फोनवर वापरणाऱ्याला मोड बदलण्याची खटकी दिलेलीच नाही, आणि कोणी ती मागितल्याचे ऐकिवात नाही. सर्व्हर अडल्यावर एसईलिनक्स बंद कसे करावे हे आपल्या अँड्रॉइड फोनवर शोधणाऱ्या ॲडमिनच्या हातातही ते त्या वेळी एन्फोर्सिंगमध्येच चालू असते.